माने सरांच्या अंगणातला ट्यूबलेस टायर

हातपंप मारून मारून माझे खांदे भरून आले, पण सरांच्या सायकलचा मागचा टायर फुगेना. हवा फुस्स करून कडेनं बाहेर. माने सर समोर खुर्ची टाकून बसलेले. ते लातुरात फिजिक्सचं कोचिंग घेतात. वरच्या मजल्यावर मुलांची टेस्ट चालू होती.

"प्रेशर वाढव," सर म्हणाले.

"सर, आधी हवा आत राहायला पाहिजे."

"फिजिक्स मला शिकवतोस?"

मी पुन्हा पंपाला लागलो.

मी उमरीचा. आमच्या घरात कॉलेजला जाणारा पहिलाच. सकाळी सायकलच्या दुकानात काम करायचो, त्यामुळे प्रॅक्टिकल बुडायची. मालक बसवअप्पा म्हणाले होते, "गिऱ्हाईकाच्या घरी जाऊन ट्यूबलेस बसवून दाखव. जमलं तर तुला दुपारची होम सर्व्हिस. न्हाई जमलं तर सकाळी शटर उघडायला तूच." हे माझं पहिलंच घरचं काम होतं.

ट्यूबलेसमध्ये ट्यूब नसते. टायरची कड रिममध्ये घट्ट बसते, तीच हवा अडवते. पण ती बसायला हवेचा एकदम मोठा झोत लागतो. दुकानात कॉम्प्रेसर असतो, इथं मीच.

अप्पांना फोन लावला.

"कोर काढली का? साबणाचं पाणी लावलं?"

"नाही अप्पा."

"मग तासभर काय करायलास?"

कोर म्हणजे व्हॉल्व्हच्या आतली पिन. ती काढली की हवा झपकन जाते. साबणाच्या पाण्यानं कड सरकते. दोन्ही केलं, तरी माझा जोर कमी पडला. सर म्हणाले, "वरून दोघं बोलाव," आणि चहा घ्यायला आत गेले. मी दोघं मागितले, सात आले.

त्यातला देगलूरचा ओंकार हळूच म्हणाला, "दादा, ह्याचा आवाज होतो का?"

"होतो. कड बसताना फाडकन."

"लई मोठा?"

"लई."

विचारलं ते खरं सांगितलं. तिथंच चुकलं.

दोघं आळीपाळीनं पंपावर तुटून पडले. ठाप! पाठोपाठ दुसऱ्या बाजूच्या कडेची ठाप! आणि ओंकार जिन्याकडं तोंड करून ओरडला, "भूकंप! पळा!"

वरची सगळी टेस्ट जिन्यावरून खाली आली. त्यांच्याही आधी सर आमच्या मधून, हातात कप घेऊन, थेट रस्त्यावर.

सर किल्लारीचे. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा तिसरीत होते.

पोरं खिदळत होती. कपातला चहा सरांच्या हातावर सांडत होता आणि त्यांना कळत नव्हतं. ते दिसलं तसा ओंकार हसायचा थांबला.

"सर, टायर होता," मी म्हणालो. होम सर्व्हिस गेली असं धरूनच चाललो होतो.

सर अंगणात परत आले आणि कप खाली ठेवला. "बसला का?"

"बसला सर."

"मग पुढचं कर." मग पोरांकडं वळून, "जुना पेपर रद्द. नवा इथंच, अंगणात. पहिला प्रश्न, हा आवाज का झाला?"

ओंकार माझ्याजवळ सरकला. "दादा, का झाला?"

या वेळी मी काही बोललो नाही. दुधासारखं दिसणारं सीलंट व्हॉल्व्हमधून ओतलं. त्यानं बारीक भोकं बुजतात. कोर लावली, हवा भरली, सीलंट सगळीकडं पसरावं म्हणून चाक फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सरांचा अप्पांना फोन आला. टायर टणक होता. "पुढच्या चाकालाही त्यालाच पाठवा. टेस्टच्या दिवशी नको."

त्या आठवड्यापासून मी प्रॅक्टिकलला जातो. दुपारी लोकांच्या घरी टायर बसवतो. साबणाचं पाणी लावून झालं की घरात आणि शेजारी मोठ्यानं सांगतो, "आवाज होईल, टायरचा आहे." मगच पंप हातात घेतो.