कोरड्या अंगाने समुद्राखाली

उजवा कान अचानक गेला, तेव्हा मला वाटलं, उजवीकडच्या लूमची फेज गेली. टेस्टर घेऊन बोर्डापाशी धावलो, तर सगळे लूम चालू! मी भिवंडीजवळ शेलारला जॉबर, म्हणजे यंत्रमागांचा दुरुस्तीवाला. खडखड ऐकून बिघडलेला लूम शोधायचा, ही माझी भाकरी. एका कानाने आवाज कुठल्या बाजूचा तेच कळेना.

डॉक्टर म्हणाले, मुंबईला जा, प्राणवायूच्या टाकीत दहा दिवस बसा; उशीर केलात तर कान विसरा. बायको सुनंदा सोबत निघाली आणि आमची रोजची एसटी सुरू झाली.

टाकी पांढरी, लोखंडी, टँकरएवढी, गोल खिडकीची. दारातच नर्सबाईंनी माझा शर्ट उतरवला. "टेरिलीन चालत नाही. ठिणगी उडाली तर सगळे जाऊ." माझ्याच लूमवरचं कापड ते! त्यांनी दिलेला सुती झगा मी उजेडात धरला. दोन धागे तुटलेले. "कोणी विणलाय?" विचारलं, तर बाईंनी मला आत ढकललं.

आत आम्ही पाच पेशंट आणि बाई. दार लागलं, हवा दाबाने शिरू लागली, कानांत दडे बसले. "गिळा! पंधरा मीटर पाण्याखाली आलो आपण," बाई ओरडल्या. अंगावर पाण्याचा थेंब नाही आणि मी समुद्रात! थुंकी गिळत राहिलो.

खिडकीबाहेर टाकीचा ऑपरेटर कोणाशी तरी बोलत होता. लूमवर आम्ही ओठ बघूनच बोलतो, त्यामुळे मी सहज म्हणालो, "त्याला पोहे हवेत. मिरची कमी."

बाईंनी टाकीतल्या फोनवरून विचारलं. खरंच पोहे! लोखंडाआडचं ऐकू आलं म्हणून त्यांनी माझ्या कागदावर 'उत्तम सुधारणा' लिहिलं. उपचार दुसऱ्याच दिवशी थांबणार होते. कान बहिराच आहे हे पटवायला मला डॉक्टरांच्या हातापाया पडावं लागलं.

दहाव्या दिवशी कान खरंच उघडला. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा लूमच्या आवाजात गेलात तर कायमचा जाईल."

परतीच्या एसटीत सुनंदा उजवीकडे बसली. "आता येतंय का न्हाय ऐकू?" ती ओरडली. अख्खी एसटी वळली. "हळू बोल गं," मी म्हणालो. लूमवाल्याच्या घरात हळू बोलायची तिला कुठली सवय! भिवंडीचा कल्याण नाका आला, तशी ती माझ्याकडे सरकली. मग वाकून अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "लूमवर नका जाऊ आता. मला भ्या वाटतं."

शब्द न् शब्द ऐकू आला. उद्या लूमवर सकाळची ड्युटी होती.

"काय?" मी म्हणालो.