नळीतला उजेड

पुण्याला मी यावेळी एका सहीसाठी गेले. सही माझीच होती, पण ती करायची की नाही हे ठरत नव्हतं.

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. पीक राखण्याच्या परवान्यावरची त्यांची दुनळी बंदूक तेव्हापासून आमच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जमा होती. माझ्या धाकट्या भावाला, प्रमोदला, ती आपल्या नावावर करून हवी होती. वारस आम्ही दोघंच, म्हणून माझं ना हरकत पत्र लागणार. फोनवर चार महिने मी नुसतं 'बघू' म्हणत राहिले. शेवटी तो म्हणाला, "ताई, एकदा इकडे ये, मी काय शिकतोय ते बघ, मग ठरव." मी वाशीमहून बसमध्ये बसले. बत्तीस वर्षं गणित शिकवलं आहे. ताळा जमल्याशिवाय मला चैन पडत नाही.

सकाळी वाघोलीला उतरले. मागच्या खेपेला जिथे म्हशी बसलेल्या पाहिल्या होत्या, तिथे आता चौदा मजले उभे होते आणि म्हशी रस्त्याच्या दुभाजकावर आल्या होत्या. प्रमोदचं घर अकराव्या मजल्यावर. भावजय कंपनीच्या कामाला बंगळुरूला गेलेली, त्यामुळे चहा त्यानेच केला आणि बरा केला. तो पिताना माझी नजर भिंतीवर गेली. टीव्हीच्या वर एक शिसवी फळी ठोकली होती. तिच्यावर दोन पितळी हुक होते आणि हुकांवर काहीच नव्हतं.

"हे काय रे?"

"बाबांच्या गनसाठी. खास बनवून घेतलं. मस्त दिसेल ना?"

"बाजारात तुरी..." एवढं म्हणून मी म्हण अर्धीच सोडली. बाबांची बंदूक कुलपातल्या कपाटात असायची आणि किल्ली त्यांच्या करदोट्याला. ती भिंतीवर टांगलेली मी कधी पाहिली नाही. पण पहिल्याच चहाला भांडण नको म्हणून कप उचलून धुवायला नेला.

दुपारी खराडीत जेवलो. शनिवार असूनही काचेच्या इमारतींमधून गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं ये-जा करत होती. भावाने मोठ्या कौतुकाने मला वऱ्हाडी खानावळीत नेलं. वऱ्हाडातून दहा-बारा तास हाडं खिळखिळी करून आलेल्या बाईला पुण्यात वऱ्हाडी जेवण! पातोडीच्या (बेसनाच्या वड्यांच्या) रश्शात चक्क गूळ निघाला. गल्ल्यावरचे गृहस्थ बोलण्यावरून आमच्याकडचे वाटले, म्हणून मी विचारलंच, "काय हो बाप्पा, पातोडीत गूळ?"

"काय करता ताई," ते म्हणाले, "आपल्यासारखं तिखट केलं तर इकडचे लोक पाण्यानंच पोट भरतात अन् पोळी तशीच ठेवतात."

चार वाजता नारायण पेठेत पोचलो. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत तीच पेठ तीनदा पाहून झाली. एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर नेमबाजी शिकवतात. जिना चढतानाच वरून फट्, फट् असा आवाज येत होता, कुणी पापड मोडत असल्यासारखा. प्रमोद फोनवर बोलत बोलतच आत शिरला. दारात साठीच्या एक बाई उभ्या होत्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. या साळवी मॅडम, इथल्या शिक्षिका.

"चपला बाहेर ठेवल्यात, छान," त्या म्हणाल्या. "आवाजही तिथेच ठेवलात तरी चालेल."

प्रमोदने फोन खिशात घातला. पुण्यात वीस वर्षं काढूनही तो अशा बोलण्याने लाल होतो हे पाहून मला बरं वाटलं.

आत लांबट खोली होती. इकडे टेबलांची रांग, दहा मीटरवर पलीकडे कागदी निशाणं. दोरीवरचा कागद चाक फिरवून पुढे-मागे करायचा. मधलं दहा गुणांचं वर्तुळ शर्टाच्या बटणाएवढं. पिस्तुलं हवेच्या दाबावर चालणारी, त्यात एका वेळी एकच छर्रा. एक दंतवैद्य आणि कॉलेजच्या दोन मुली डावा हात खिशात घालून, एका हाताने नेम धरून उभ्या होत्या. कुणी बोलत नव्हतं. बंदूक म्हटलं की मला धांगडधिंगा आठवतो, लग्नाच्या वरातीतला. इथे परीक्षेच्या वर्गासारखी शांतता होती आणि ती मला लगेच आवडली.

एक नियम मॅडमनी मला आधी सांगितला. पिस्तूल खाली ठेवायचं ते उघडून, आणि नळीतून केशरी दोरी आरपार घालून. दोरीची दोन्ही टोकं दिसली तरच ते रिकामं समजायचं.

"आपण नुसत्या बसणार?" त्यांनी विचारलं.

मी पाच छर्रे मारले. पहिला कागदावर सापडेचना. "भिंतीला लागला," मॅडम म्हणाल्या, "भिंत आमचीच आहे, काळजी नको." बाकीचे कागदावर, पण विखुरलेले. मग मी पिस्तूल उघडलं, दोरी घातली आणि ती पलीकडून बाहेर येईपर्यंत नजर हलवली नाही.

"आधी कुठे शिकलात?"

मी त्यांना बाबांबद्दल सांगितलं. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं हाकलायला ते हवेत बार काढत. शेतातून आले की अंगणातच थांबत. बंदूक दुमडून नळ्या आभाळाकडे धरत आणि मला हाक मारत, "उजेड दिसते का?" मी मागून डोळा लावायची. दोन्ही नळ्यांतून आभाळ दिसलं की म्हणायची, "दिसते." मगच बंदूक घराचा उंबरठा ओलांडायची. एकदा आतली काजळी राहिली म्हणून मी 'नाही' म्हटलं, तर बाबा तसेच अंधार पडेपर्यंत ओट्यावर बसून नळी पुसत राहिले.

"भेटायला हवे होते," मॅडम म्हणाल्या.

मग प्रमोद उभा राहिला. दीड महिना तो दर शनिवारी येत होता, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा हात चांगला होता. आठ, नऊ, नऊ. माझा विरोध हळूहळू सैल होत होता. पिशवीतलं पेन कुठल्या कप्प्यात आहे हेसुद्धा मला आठवलं. पाचवा छर्रा मारून त्याने सवयीने लगेच पुढचा भरला, दुर्बिणीतून कागद पाहिला आणि आनंदाने माझ्याकडे वळला.

"ताई, दहा! पाहिलंस?"

पिस्तूल त्याच्या हातातच होतं. नळी माझ्या छातीसमोर आली.

"टेबलावर ठेवा," मॅडम म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता. "हात काढा. मागे व्हा."

"सॉरी मॅडम. रिकामं होतं."

"सगळी रिकामीच असतात हो. अपघात होतात तेही रिकाम्याच पिस्तुलांनी."

त्यांनी ते उचललं, निशाणाकडे धरलं आणि चाप ओढला. फट्. चाक फिरवून कागद जवळ आणला. पाच भोकं असायला हवी होती, सहा होती. मॅडमनी तो कागद काढून प्रमोदच्या हातात दिला.

"पुढचा महिनाभर फक्त दोरी घालायची आणि काढायची. छर्रा नाही." खणातून एक केशरी दोरी काढून त्यांनी त्याला दिली. "हा गृहपाठ. आता या."

खाली येऊन आम्ही पायरीवर बसलो. मला भीती वाटली होती आणि रागही आला होता, पण त्याचा चेहरा पाहून राग ओसरला. कागद त्याच्या हातात तसाच होता.

"काऊन रे, एवढी काऊन पाहिजे तुले ती बंदूक?" मी विचारलं. घरातली भाषा आपोआप तोंडात आली.

त्याने कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "तू अंगणात असायचीस, मी होस्टेलला. सुट्टीत आलो की बाबा म्हणायचे, तू अभ्यास कर. मलेबी बोलावलं असतं त्यायनं एकदा तरी."

मला फार वाईट वाटलं. चार महिने मी याला हौशी म्हणून मोडीत काढत होते. बाबांनी मला त्या नळीत पाहू दिलं हे मी कधी मोठं समजलेच नव्हते.

"सही करशील?" त्याने विचारलं, पण खाली पाहूनच.

"आता नाही. आठ महिन्यांत एकदा तरी पाहिली का तू ती?"

त्याने नकारार्थी मान हलवली. ती पाहायला दोन दिवसांची रजा टाकून तो माझ्याबरोबरच परतीच्या बसमध्ये बसला.

सोमवारी सकाळी तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी वहीतला नंबर ताडून बंदूक टेबलावर ठेवली. माझ्या आठवणीपेक्षा ती लहान निघाली. प्रमोदने ती नळी जमिनीकडे धरूनच उचलली आणि जोर लावून दुमडली. खिशातून केशरी दोरी काढली. डाव्या नळीतून ती सरळ बाहेर आली, उजव्या नळीत निम्म्यावर अडली. मग त्याने नळ्या खिडकीकडे धरल्या आणि मला हाक मारली.

"ताई, उजेड दिसते का?"

मी डोळा लावला. डोळ्यात पाणी होतं, म्हणून पुसून पुन्हा लावला.

"डावीतून दिसते."

"अन् उजवीतून?"

"नाही दिसत."

"कुंभारमाशीचं घर असंन," हवालदार म्हणाले. "तुमच्या बाबांच्या दुखण्यात कोणं उघडली नसंन. सळई घाला, धा मिनिटांचं काम हाय."

प्रमोदने बंदूक उघडीच टेबलावर ठेवली. "ताई, बाबांनी काय केलं असतं?"

"साफ होईपर्यंत घरात आणली नसती."

"आणि मी त्या दिवशी तुझ्यावर पिस्तूल धरलं ते पाहिलं असतं तर?"

उत्तराची वाट न पाहता तो हवालदारांकडे वळला. "साहेब, कायमची जमा करायचा कागद द्या."

दोघांच्या सह्या लागल्या. मी आधी केली. ज्या सहीसाठी पुण्यापर्यंत गेले ती शेवटी आमच्याच ठाण्यात, दुसऱ्याच कागदावर झाली. त्या सकाळी मला बंदूक गेल्याचं दुःख झालं नाही. अंगणातली ती जागा इतकी वर्षं माझ्या एकटीची होती, ती आता भावालाही मिळाली, एवढंच वाटत राहिलं.

चार दिवसांनी त्याच्याकडून फोटो आला. शिसवी फळी, दोन पितळी हुक, आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत केशरी दोरी. खाली लिहिलं होतं, "शनिवारी काढून नेतो, आल्यावर परत लावतो."