चार जणांच्या वजनावर

खड्डा एक वेळ चुकवता येतो. सोसायटीनं ऐन फाटकात घातलेला गतिरोधक कसा चुकवणार? गुणवंतराव सोनटक्के भाजी घेऊन परतत होते. उजव्या मागच्या चाकाकडून खाडकन आवाज झाला आणि त्यांची बावीस वर्षांची पांढरी गाडी त्या बाजूनं फेंगडी चालू लागली. मागच्या स्प्रिंगचे पाटे गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारा बोल्ट तुटला होता. वॉचमन रामसनेहीनं ढकलत ढकलत ती तळघरातल्या पार्किंगमध्ये नेली आणि घाम पुसत म्हणाला, "साहब, अब बेच ही दो इसको." गुणवंतरावांनी त्याच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की तो थेट फाटकावर निघून गेला.

गुणवंतराव दिल्लीत एका सरकारी खात्यात नकाशे काढून निवृत्त झाले. सगळी नोकरी रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली. क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा फंडाच्या पैशांतून गुडगावला नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तिथले पडदे लावून होतात न होतात, तोच पत्नी प्रभाताई गेल्या. एकुलती एक मुलगी उल्का नवऱ्याबरोबर मेलबर्नला. तसं बघायला गेलं तर माणसाला काही कमी नव्हतं. लिफ्टमध्ये लोक "गुड मॉर्निंग, अंकल" म्हणायचे. कित्येक दिवस तेवढंच बोलणं व्हायचं, पण ते लिफ्टमधल्या लोकांना कुठून कळणार?

त्यांना एक खोड होती. गाडीखालचं काम दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. त्यातही हा पाट्यांचा बोल्ट म्हणजे त्यांचा खास विषय. पाट्याच्या टोकाला रबराचं बुश असतं आणि बोल्ट त्यातून जातो. गाडी जॅकवर अधांतरी असताना तो आवळला, तर चाक जमिनीला टेकल्यावर ते रबर पिळलं जातं आणि पुढे लवकरच फाटतं. म्हणून आधी चाकं जमिनीवर टेकवायची, गाडीत नेहमीची माणसं बसवायची आणि त्यांच्या वजनावर शेवटचा पाना मारायचा. मेकॅनिक लोक एवढ्या भानगडीत पडत नाहीत. एका बोल्टसाठी चार माणसं कुठून गोळा करा?

गुणवंतरावांकडे तेव्हा चार माणसं होती. थंडीतला रविवार, क्वार्टरखाली ऊन आलेलं. खालच्या मजल्यावरचे भाऊसाहेब ड्रायव्हरच्या जागेवर, शेजारी प्रभाताई मटारचं ताट मांडीवर घेऊन, मागे भाऊसाहेबांच्या लताताई आणि खिडकीशी छोटी उल्का. गुणवंतराव गाडीखाली आडवे. कुणी जरा सरकलं की खालून आवाज यायचा, "हलू नका!" भाऊसाहेब बंद गाडीचं स्टिअरिंग धरून सांगायचे, "चलो भई, आग्रा आ गया!" मग सगळी गाडी हसून गदगदायची, खालून पुन्हा ओरडा व्हायचा आणि प्रभाताई म्हणायच्या, "अहो, आटपा की. मटार संपत आले." शेजाऱ्यापाजाऱ्यांना हा वेडेपणा वाटायचा. होताच तो वेडेपणा, पण फार गोड होता.

आता भाऊसाहेब आणि लताताई अकोल्याला जाऊन राहिले होते. प्रभाताई तर नव्हत्याच. पण नेमक्या याच डिसेंबरात उल्का येणार होती. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच, नवरा आणि आठ वर्षांच्या मुलीला, पिंकीला घेऊन. बोल्टचं तुटकं डोकं हातात घेऊन बसल्या बसल्या गुणवंतरावांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. जावई ड्रायव्हरच्या जागेवर, उल्का आईच्या जागेवर, मागे नात. नात म्हणजे अर्धं माणूस, तर तिच्या शेजारी एक सुटकेस. गाडी पुन्हा भरणार! बोल्ट आवळायचा आणि आवळल्या आवळल्या सगळ्यांना घेऊन थेट इंडिया गेटला जायचं. गाडीसाठी माणसं हवी होती, असं ते स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे माणसांसाठीच त्यांना गाडी हवी होती.

मग काय, म्हाताऱ्याला चेव चढला. गाडी उचलून खाली लाकडी ठोकळे लावले. बोल्टचं डोकं गेलं होतं, पण धड बुशमधल्या लोखंडी नळीत गंजून बसलं होतं. रॉकेल सोडायचं, मुरू द्यायचं, हातोडीनं ठोकायचं, कंबर धरून वर जायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तळघरात दुरुस्ती करायला सोसायटीची बंदी होती. मॅनेजर फेरीला निघाला की रामसनेही मोठ्यानं खोकायचा. शेवटी एका दुपारी तो हट्टी तुकडा बाहेर आला आणि गुणवंतरावांनी एकट्यानंच "वा रे पठ्ठ्या!" म्हणून स्वतःला शाबासकी दिली. काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारात जाऊन नवा बोल्ट आणि नवं बुश आणलं. बसवलं. गाडी चाकांवर उतरवली. नट हातानं फिरवून ठेवला आणि शेवटचा पाना तेवढा राखून ठेवला. विमानतळावरून त्यांनी टॅक्सीनं यावं, पुढचं सगळं आपल्या गाडीतून.

फोन आला तेव्हा ते मागच्या सीटवरची धूळ झटकत होते.

"बाबा, ऐका ना. दिल्लीचं नाही जमणार यावेळी." उल्का मुंबईहून, सासरहून बोलत होती. "पिंकीला ताप आलाय, आणि ह्यांची सुट्टी कट झाली. इथूनच परत जावं लागणार. बिल्कुल ऑप्शन नाही. तुम्हीच या ना इकडे?"

"अच्छा," गुणवंतराव म्हणाले. "ताप उतरू दे आधी. मी बघतो."

"रागावला नाहीत ना? आणि गाडी? झाली नीट?"

"झाली की. एकदम फर्स्ट क्लास."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, निदान भांडून तरी झालं असतं. फोन ठेवून ते गाडीजवळ उभे राहिले आणि त्यांना एवढं एकटं वाटलं, की घरी जायचा धीरच होईना. नवव्या मजल्यावर चार खोल्या होत्या आणि चारही खोल्या त्यांनी पाहुण्यांसाठी आवरून ठेवल्या होत्या.

बोल्ट ढिला ठेवून गाडी चालवता येत नाही. शेजारी नवा टॉवर उठत होता, तिथे सिमेंटची पोती रचलेली होती. सीटवर पोती ठेवली तरी वजन तेच. ते मुकादमाला विचारायला निघालेही. अर्ध्या वाटेत त्यांच्या डोळ्यांपुढे प्रभाताईंच्या जागेवर बसवलेलं पोतं आलं आणि ते उलट पावली फिरले. मग त्यांनी रामसनेहीला हाक मारली.

रामसनेही अंगानं त्यांच्याएवढाच होता. ड्रायव्हरच्या जागेवर त्याला भारी मजा वाटली. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. गुणवंतराव जमिनीवर गोणपाट पसरून मागच्या चाकाजवळ गाडीखाली शिरले.

"साहब," वरून आवाज आला, "बाकी सीट पे भी बिठा दूँ किसी को? आप कह रहे थे ना, चार जन चाहिए. माली है, उसकी घरवाली है. खाली ही बैठे हैं बेचारे."

गुणवंतरावांनी पाना नटावर बसवला होता. त्यांचा हात तिथेच थांबला. माळी आला असता. त्याची बायकोही आली असती. गाडी भरली असती, आणि उद्या पुन्हा ते एकटेच भाजीला निघाले असते.

"नहीं भाई," ते गाडीखालून म्हणाले. "इसमें जितने चलते हैं, उतनों के वजन पे ही कसना है."

आणि त्यांनी बोल्ट आवळला. काम तसं दोन मिनिटांचंच होतं, पण गाडीखालून बाहेर यायला त्यांनी बराच वेळ लावला. रामसनेही बिचारा वर तसाच बसून राहिला.