शेवटच्या स्क्रीनवरची ओळ

‘‘हे लोक पिऊन येतात हो मशीनवर. मग बोटं जातात आणि नाव कंपनीचं खराब.’’

कॉलेजच्या स्पर्धेचे प्रमुख पाहुणे असं म्हणाले आणि अख्खा हॉल हसला. माझे पप्पा तिसऱ्या रांगेत बसले होते. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, उजवा हात पँटच्या खिशात. पप्पांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. सगळे हसतायत म्हणून तेही हसले.

मी स्टेजवर होते. हातात माईक, मागे पडद्यावर मी बनवलेला गेम. मी काहीच बोलले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी मला शूर समजायला नको.

त्या दिवशी सकाळी घरातून निघताना मीच पप्पांना म्हणाले होते, ‘‘हात खिशातच ठेवा हां.’’ त्यांनी मान हलवली होती. कॉलेजमधल्या मुलींना मी सांगितलं होतं की माझे वडील क्वालिटीत आहेत, कंपनीचा माल तपासतात. खरं तर ते गेटवर बसतात. चाकणच्या एका छोट्या वर्कशॉपच्या गेटवर, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितात. डाव्या हाताने. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच उरलंय. मी सातवीत होते तेव्हा त्याच वर्कशॉपच्या पॉवर प्रेसमध्ये, पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनमध्ये, मधली तीन बोटं गेली.

मी ताथवड्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करते. पहिल्या वर्षी लॅबमध्ये शेजारच्या मुलाने विचारलं होतं, ‘‘तुमच्या कॅटेगरीत कितीला मिळते गं ॲडमिशन?’’ त्याला कोडिंग आठवीपासून यायचं, त्याने क्लास लावला होता. मला कीबोर्डवर अक्षरं शोधावी लागायची. पुस्तकातली उदाहरणं डोक्यावरून जायची. मग एकदा मी पडद्यावर एक चौकोन काढला आणि बटन दाबल्यावर तो सरकला. माझ्या सांगण्यावरून सरकला! मला इतका आनंद झाला की मी संध्याकाळपर्यंत त्याला इकडून तिकडे पळवत होते. तिथून मी गेम बनवत बनवतच सगळं शिकले. चौकोन भिंतीला धडकला की काय करायचं, खाली पडला की परत कसा आणायचा. भूक लागल्यासारखी शिकले.

तिसऱ्या वर्षी स्पर्धा लागली. मला वाटलं, आपल्याला माहीत असलेलं काहीतरी बनवावं. मी पप्पांना विचारलं, प्रेस कशी चालते? इतक्या वर्षांत मी ते विचारलंच नव्हतं. पप्पांनी फरशीवर परात ठेवली आणि दोन बाजूंना दोन वाट्या पालथ्या घातल्या.

‘‘ही प्रेस. ही दोन बटनं. दोन्ही हातांनी संगंच दाबायची, म्हंजी हात बाहेर ऱ्हातात. मगच प्रेस खाली येती.’’

‘‘मग तुमचा हात आत कसा गेला?’’

‘‘एका बटनात लाकडाची पाचर मारलेली असती. ते दाबलेलंच ऱ्हातं. मग एका हातानं पत्रा सरकवायचा अन् दुसऱ्यानं दुसरं बटन दाबायचं. तसं केल्याबगर टार्गेट होत न्हाई.’’

‘‘पाचर कोण मारतं?’’

पप्पांनी वाट्या उचलल्या, मांडणीवर ठेवल्या. ‘‘साहेब सांगतात. मारतो आमीच.’’

मी तसाच गेम बनवला. कीबोर्डच्या दोन टोकांची दोन बटनं एकदम दाबायची. टार्गेट वाढत जातं. मग पडद्याच्या कोपऱ्यात पाचर दिसायला लागते. घेतली की काम दुप्पट होतं. खेळणाऱ्याला वाटतं, आपणच हुशारी केली. आणि मग कधीतरी हात आत राहतो. आवाज बंद होतो, पडदा पांढरा होतो आणि शेवटी एकच ओळ येते. ‘पाचर मारायला साहेबांनी सांगितलं होतं.’

पहिल्यांदा तो पप्पाच खेळले. उजव्या बाजूचं बटन त्यांनी मनगटाने दाबलं. पाचर दिसली तरी घेतली नाही. टार्गेट झालं नाही, आणि स्क्रीनवर आलं, ‘उद्यापासून येऊ नको.’ पप्पा म्हणाले, ‘‘बरोबर बनवलंय.’’ तेवढंच बोलले. मला ते अजून पुरतंय.

तर स्पर्धेचा हॉल. पाहुणे एका मोठ्या कंपनीत प्लांटचे प्रमुख. पप्पांचं वर्कशॉप त्याच कंपनीला माल देतं, हे मला कार्यक्रम सुरू झाल्यावर कळलं. हसून झाल्यावर ते म्हणाले, ‘‘बेटा, गेम फर्स्ट क्लास आहे. पण ही पाचर-बिचर कुठून आणलीस? असं कुठेही होत नाही. शेवटची ओळ बदल. आमच्या नव्या पोरांना ट्रेनिंगमध्ये हाच गेम दाखवू. तुला इंटर्नशिप देतो.’’

आमचे सर स्टेजवर आले आणि माझ्या कानाशी वाकले. ‘‘बदल पटकन. तुमच्या लोकांना असा चान्स किती वेळा मिळतो?’’

मी लॅपटॉपसमोर बसले. मी काय टाईप करते ते सगळ्या हॉलला पडद्यावर दिसत होतं.

‘‘काय लिहू?’’ मी विचारलं.

‘‘खरं असेल ते लिही,’’ पाहुणे म्हणाले.

मला शब्द शोधावे लागले नाहीत. आमच्या पेटीत एका प्लास्टिकच्या पिशवीत पप्पांचा कागद आहे. वर्कशॉपवाल्यांनी हॉस्पिटलात सही घेतलेला. ती सही केली म्हणून गेटवरची नोकरी मिळाली. त्यातलं वाक्य मला सातवीपासून पाठ आहे. खाली पप्पांची डाव्या हाताने केलेली वाकडी सही. मी ते वाक्य जसंच्या तसं टाईप केलं.

‘अपघात ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे झाला.’

टाळ्या पडल्या. पप्पा ओठ हलवत ती ओळ वाचत होते. वाचून झाली. मग आपल्या लेकीचं कौतुक चाललंय म्हणून त्यांनीही टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला त्यांना हात खिशातून काढावा लागला. शेजारच्या बाईंनी तो हात पाहिला आणि पर्स उचलून जरा सरकून बसल्या.

पहिला नंबर मला मिळाला. चाकणच्या बसमध्ये पप्पांनी ती ट्रॉफी मांडीवर धरली होती. मला वाटत होतं, यांनी एकदा तरी चिडावं. नाशिक फाटा गेला, भोसरी गेली. मग ते म्हणाले, ‘‘बरं केलंस पोरी. मीबी सही केलतीच की.’’

मी भर बसमध्ये हुंदके देऊन रडले. शेजारचे लोक बघत होते, बघू देत. माझ्या बापावर जो आरोप त्या कागदाने केला होता, तोच मी केला होता, आणि मला तर कुणी हॉस्पिटलच्या खाटेवर झोपवलेलंही नव्हतं.

आठवड्याने सरांनी स्टाफरूममध्ये बोलावलं. टेबलावर कागद होता. त्यात लिहिलं होतं, गेम मी कंपनीला दिला, शेवट असाच राहील, मी तो बदलणार नाही. सर म्हणाले, ‘‘इथे सही कर.’’ पेनही त्यांनीच पुढे केलं.

‘‘नाही करणार.’’

‘‘काय?’’

‘‘सही नाही करणार, सर.’’

‘‘फी माफ, स्कॉलरशिप घ्यायची आणि वर हा माज?’’

मी म्हणाले, ‘‘माझे वडील क्वालिटीत नाहीत. गेटवर असतात. त्यांची तीन बोटं प्रेसमध्ये गेलीत. पाचर मारायला साहेबांनी सांगितलं होतं.’’ स्टाफरूममधल्या सगळ्यांनी माना वर केल्या, आणि मग एकेकाने परत खाली घातल्या. मी पिशवीतून ट्रॉफी काढली, त्या कागदावर ठेवली आणि बाहेर पडले.

इंटर्नशिप गेली. सर आता वर्गात माझ्याकडे बघत नाहीत. ते चालेल. पण पप्पाही माझ्याशी बोलत नाहीत. ‘‘माझी नोकरी घालवशील,’’ एवढंच म्हणाले आणि ताट सरकवून उठले. नोकरी अजून आहे. भीतीही आहे. दुपारी घरचा फोन आला की मी आधी पप्पांच्या नोकरीचं विचारते. गेमला त्यांनी पुन्हा हात लावलेला नाही.

पाचरेची ती ओळ मी परत लिहिली. आता ती शेवटी नाही, पहिल्याच स्क्रीनवर आहे. ती वाचल्याशिवाय गेम सुरू होत नाही. गेम मी नेटवर फुकट ठेवलाय, म्हणजे चाकणमध्ये प्रेसवर नव्याने लागलेल्या कुणालाही तो मोबाईलवर, दोन अंगठ्यांनी, खेळता येईल.

पप्पांची सही मला खोडता येत नाही. पण आमच्या घरातून निष्काळजीपणाचं ते वाक्य दोनदा दिलं गेलं, एकदा त्यांच्या हातून आणि एकदा माझ्या. तिसऱ्यांदा ते कुणालाही मिळणार नाही.