मामाजींचे देव पाण्यात

फुटबॉल मैदानातच खेळायचा असतो, ही गोष्ट माझ्या बायकोच्या मामांना उभ्या आयुष्यात कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. आम्ही सगळे त्यांना मामाजी म्हणतो. मामाजी रेल्वेच्या संघातले स्ट्रायकर. पुढे देशाकडून खेळले, मग गुडघा गेला, मग प्रशिक्षकाच्या परीक्षा दिल्या, गावोगावची पोरं घडवली आणि शेवटी थेट देशाच्या संघाचे प्रशिक्षक झाले. केवढी मोठी गोष्ट! पण आमच्या रायपुरात, त्यांच्या तात्यापारा मोहल्ल्यात, तिचा परिणाम काय? दूधवाला म्हणाला, "बधाई हो भैया! अब तो क्रिकेट के पास मिल जाएंगे ना?" मामाजींनी रागाने त्याचं दूधच बंद केलं आणि सगळं घर आठवडाभर कोरा चहा पीत बसलं.

स्ट्रायकरपण त्यांच्या हाडात मुरलेलं आहे. समता कॉलोनीतल्या दवाखान्यात नंबर लावून बाकावर बसायचं सोडून ते डॉक्टरांच्या दाराला खेटून उभे राहतात. "मामाजी, आपला नंबर यायचाय अजून," म्हटलं तर म्हणतात, "जवाईबापू, मैदानाच्या मधात बसून गोल होते काय? दरवाज्यापाशीच राहा लागते." एकदा दार किलकिलं होताच ते असे आत घुसले की आतली बाई रक्तदाबाचा पट्टा दंडाला तसाच ठेवून बाहेर पळाली. शिवाय स्ट्रायकर मागे पाहत नाही, हा त्यांचा दुसरा नियम. मामी स्कूटरवर बसायच्या आतच स्कूटर सुरू करून ते पुरानी बस्तीच्या देवळापर्यंत एकटेच बोलत गेले होते. वर मामींनाच विचारतात, "तू काहून मागं राहिली?"

प्रशिक्षक झाल्यावर वाटलं, आता तरी माणूस निवळेल. कसलं काय! आधी स्वतः धावायचे, आता दुसऱ्याला पळवायला लागले. माझ्या मेहुणीच्या लग्नात पंगतीच्या कडेला हाताची घडी घालून उभे. "अबे कढीवाल्या, जागा सोडू नको! भातवाल्याच्या मागं राहा!" मठ्ठा वाढणारा दमलेला दिसताच त्याला बोटाने बाहेर बोलावलं आणि त्याच्या जागी साक्षात नवरदेवाच्या काकांना आत पाठवलं. वरपक्ष रुसून बसला. मामाजींना कळेचना. "काहून रुसले बाप्पा? बेंचवरून थेट खेळाले घेतलं ना त्यायले!" मुलगी सासरी निघाली, सगळे डोळे पुसताहेत, तर यांनी तिला खांद्याला धरून सांगितलं, "सुरुवातीले नुसतं पाहायचं. सासू कोणत्या बाजूनं येते ते समजून घे, मग खेळ." त्या पोरीचा संसार उत्तम चालला आहे, हे इथे सांगायलाच हवं.

मामी मात्र कधी मैदानावर फिरकल्या नाहीत. नवऱ्याची एक मॅच त्यांनी पाहिली नव्हती, टीव्हीवरसुद्धा नाही. कारण मॅचच्या वेळी त्यांना घरी काम असायचं. मॅच सुरू झाली की त्या देव पाण्यात घालायच्या. नुसतं बोलण्यापुरते नव्हेत हं, खरेखुरे! बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि गणपती तांब्याच्या घंगाळात बुडवायच्या आणि समोर माळ घेऊन बसायच्या. जिंकल्याची खबर आली की देव बाहेर, वर शिऱ्याचा नैवेद्य. हरले तर पुढच्या विजयापर्यंत देव पाण्यातच. रेल्वेच्या काळात देवांना फारसा त्रास झाला नाही. पुढच्या आठवड्यात मामाजी कोणाला ना कोणाला हरवायचेच.

पण देशाच्या संघाचं गणित वेगळं. पहिला सामना हरले. दुसरा बरोबरीत सुटला. मामींनी फोनवर विचारलं, "बरोबरीले जिंकणं म्हणते का?" मामाजी खोटं बोलत नाहीत. देव पाण्यात राहिले. मामी रोज सकाळी पाणी बदलायच्या, फुलं काठावर ठेवायच्या. बाळकृष्ण कडेकडेने हिरवट दिसायला लागला. सून म्हणाली, "मम्मीजी, अब निकाल लो ना इनको." मामी म्हणाल्या, "शब्द देला आहे मी." तिसरा सामनाही हरले, आणि वरच्या लोकांनी मामाजींना घरी बसवलं.

आता आली का पंचाईत! मामाजींना संघ नाही, म्हणजे विजय नाही, म्हणजे देव जन्मभर घंगाळात! मामींचं जेवण अर्ध्यावर आलं होतं. पद गेल्याचं दुःख मामाजींनी चारचौघांत हसून उडवलं, पण ते घंगाळ त्यांना खायला उठायचं. देवघरावरून जाताना मान खाली घालून जायचे. एक दिवस मला म्हणाले, "जवाईबापू, देशाचं जाऊ द्या. मले एक मॅच जिंका लागते. कोणतीही."

झाली टीम तयार. तात्यापाऱ्यातले सकाळी फिरायला जाणारे आम्ही पोट सुटलेले लोक, विरुद्ध समता कॉलोनीतले तसेच. मी गोलकीपर, कारण "तुमची रुंदी कामाची आहे." मी सुचवलं की समोरच्यांना देवांची गोष्ट सांगून टाकू, बिचारे हसतहसत हरतील. तेवढ्यात मामी आतून कडाडल्या, "लुटुपुटूची मॅच नाही पाह्यजे! देवायले फसवता काय?" मग काय! देशाच्या संघाला जे शिकवलं ते सगळं मामाजींनी आम्हाला शिकवलं. मला ऑफिसात खुर्चीवरून उठताना दोघांचा आधार लागायला लागला.

आणि त्या रविवारी आक्रीत घडलं. देव आधीच पाण्यात, तेव्हा घरी बुडवायला काही उरलं नव्हतं. मामी छत्री घेऊन मैदानावर आल्या आणि कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसल्या. मामाजींनी त्यांना पाहिलं मात्र, आम्हाला द्यायचं भाषण ते अर्ध्यातच विसरले.

मॅचचं काय सांगू? पहिला गोल माझ्या पायांमधून गेला, दुसरा डोक्यावरून. माझी रुंदी कुठेच कामाला आली नाही. उत्तरार्धात मामाजींना राहवेना. शिट्टी फेकली, बुटांच्या नाड्या आवळल्या आणि त्या गुडघ्यानिशी स्वतः आत उतरले. अहो, माणूसच बदलला! एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं, तोंडावर आपटले, उठले, माती थुंकली, पुन्हा धावले, पुन्हा आपटले. शेवटी एक बॉल असा हाणला की आमचे सगळे लोक आधीच "गोल!" म्हणून ओरडले. बॉल खांबाला लागून परत आला. मी मामींकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

आम्ही हरलो. मामाजी मैदानातच बसून राहिले. "कोणत्या तोंडानं घरी जाऊ, जवाईबापू?" देशाचं पद गेलं तेव्हा हा माणूस असा बसला नव्हता. मी त्यांना बखोटीला धरून घरी आणलं.

दारातच तुपाचा वास आला. देवघरात बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती कोरडे, चिंचेने घासून लख्ख, आपापल्या जागी बसलेले. मामी शिरा हलवत होत्या.

"अवं, हरलो आम्ही," मामाजी उंबऱ्यातूनच म्हणाले.

"दिसलं मले."

"मग देव काहून काढले?"

मामी कढईकडे पाहतच बोलल्या, "इतके वर्ष मी देवायच्यापुढं बसून जिंकू दे, जिंकू दे करत होती. मले का माहीत, जिंकाले एवढं पडा लागते! पहिलेच पाहिलं असतं तर फक्त पाय धड राहू दे म्हटलं असतं. बसा. गुडघा दाखवा."

प्रत्येक पराभवावर ज्यांच्याजवळ भाषण तयार असायचं, त्या मामाजींनी पाटावर बसून गुडघा पुढे केला. मामी त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत होत्या. मामाजी म्हणाले, "आता देवायले नको त्रास देऊ. पुढच्या मॅचले तूच येत जा."

पुढची मॅच कुठेही ठरलेली नव्हती. त्या गुडघ्याकडे पाहिल्यावर ती कधी ठरणारही नव्हती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. मामींनी तेलाचा हात पदराला पुसला आणि म्हणाल्या, "हव. येईन."