पुढची खोली

दुकानात त्याला सगळे ‘दर्शनी’ म्हणायचे. कपड्यांच्या मोठ्या दुकानाच्या काचेमागे पुतळे उभे करायचे, त्यांच्या अंगावर कोट चढवायचे, वरून दिवे सोडायचे, हे त्याचं काम. ते त्याला येत होतं, नाही कशाला म्हणा. पुतळ्याला ढगळ होणारा कोट तो पाठीत टाचण्या मारून असा चापून बसवायचा, की रस्त्याने जाणारा थबकायचाच. काचेतल्या भेटीच्या खोक्यांत हवा असायची, कपाटांना मागची फळी नसायची, आणि या सगळ्यामागे एक पार्टिशन ठोकलेलं असायचं, आतला पसारा बाहेर दिसू नये म्हणून. ‘मागे कोण बघतंय?’ हा त्याचा मंत्र. बरं, दुकानात तो चालतही होता. पण संध्याकाळी घरी निघताना मंत्र दुकानातच ठेवून यावा, एवढी अक्कल देवाने त्याला दिली नव्हती.

उभं आयुष्य त्याने भाड्याच्या खोल्यांत काढलं होतं. स्वतःचं घर घ्यायची खुमखुमी त्याला आली ती आईच्या निमित्ताने. आई धाकट्या मुलाकडे राहायची, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टचा पत्ता नाही आणि आईचे गुडघे गेलेले. कित्येक महिने म्हातारीने रस्ता पाहिला तो वरूनच, खिडकीच्या गजांतून. धाकटा आणि त्याची बायको तिचं सगळं करायचे, तक्रार नव्हती. पण एकदा सगळे जमलेले असताना ती म्हणाली, “मला दुसरं काही नको रे. दार उघडावं आणि पाय जमिनीवर पडावा, एवढंच वाटतं.”

झालं! चार माणसं ऐकत असताना दर्शनीची छाती फुगली नाही असं कधी झालंय? “आई, मी घर घेतो. तळमजल्याचं. मागची खोली तुझी, दार उघडलं की अंगण!” उचलली जीभ, लावली टाळ्याला. आईने मात्र ते खरं धरलं. दुसऱ्या दिवसापासून ती शेजारणींना सांगायला लागली, “थोरला माझ्यासाठी घर घेतोय.”

घर मिळालं, गल्लीच्या टोकाचं. इतकी वर्षं रिकामं, की कुलपाला किल्ली लागेना, शेवटी कडी तोडावी लागली. पुढच्या खोलीचा गिलावा हात लावला की खाली. बाजूला स्वयंपाकघर, तिथला नळ सोडला की भिंतीतून घरघर. पुढच्या खोलीच्या मागच्या भिंतीत मधोमध एक दार, आणि दारापलीकडे ती आईची खोली. तिच्या भिंतींना कमरेपर्यंत ओल, फरशी खचलेली. पण अंगण होतं, आणि अंगणात ऊन होतं. फुकट दिलं तरी दुसऱ्या कुणी घेतलं नसतं असं हे घर दर्शनीने कर्ज काढून घेतलं. त्याची बायको इस्पितळात नर्स होती. दोघांच्या पगाराला हप्त्याची कात्री लागली, पुढची कैक वर्षं लागणार होती. तरी ती अंगणात उभी राहून म्हणाली, “चालेल. आईंना इथे बरं वाटेल. आधी ती मागची खोली करून घ्या, अहो. आपण काय, कुठेही पडू.”

गवंडीही तेच म्हणाला. तो काही मोठा ज्ञानी नव्हता, सकाळी येतो म्हणून दुपारी उगवणारा माणूस. पण ओल मागे आहे, काम मागून सुरू करावं, एवढं शेंबडं पोरही सांगेल.

दर्शनीला पटेल तर ना! “बँक दुरुस्तीचे पैसे टप्प्याटप्प्याने देणार,” तो म्हणाला. “काम बघून देणार. त्यांचा माणूस आला की आधी काय बघेल? पुढची खोली! ती झाली की पैसे सुटतील, मग मागची करू.” ऐकायला किती शहाणपणाचं! मूर्खपणाला कारण जोडलं की तो मूर्खपणा राहत नाही, असं मानणारे लोक असतात, त्यातला हा मेरुमणी.

मग पुढची खोली सुरू झाली, आणि संपेचना. छत खाली उतरवलं, त्यात दिवे लपवले. भिंतींना तीन हात पुट्टी झाली. फरशी आणायला तो स्वतः चार दुकानं हिंडला आणि परत दोनदा बदलून आणली. खिडकीला पडदे दुहेरी. त्याच वेळी स्वयंपाकघरात बायको नळाखाली बादली लावून ठेवायची, ती भरली की ओतायची, पुन्हा लावायची. इस्पितळात दिवसभर दुसऱ्यांच्या उशा सारख्या करून ती घरी यायची, आणि सिमेंटच्या गोण्यांच्या आडोशाला गादी टाकून झोपायची. “मागचं कधी?” ती विचारायची. “आता हेच झालं की,” तो म्हणायचा. नवरा नव्हे, पालथा घडा.

बँकेचा माणूस आला. नव्या सोफ्यावर टेकला, छताकडे बघून “वा” म्हणाला, चार फोटो काढले. मागचं दार त्याने उघडलंसुद्धा नाही. शेवटचा टप्पा सुटला. दर्शनी बायकोला म्हणाला, “बघितलंस? मागे कोण बघतंय?” या विजयाची त्याला जी धुंदी चढली, तिने पुढचा सगळा घात केला. कारण मागच्या खोलीसाठी म्हणून आलेले ते पैसे डोळ्यांदेखत पुढच्याच खोलीत जिरले. राहिलेले दिवे, काचेचं टेबल, आणि एक भिंतीचा कागद, मोठ्या हिरव्या पानांचा, उंची.

कागद लावायचा तर ते दार मध्ये येत होतं. जुनं, फुगलेलं, खालून कुजलेलं, फटीतून ओलीचा वास सोडणारं. सुताराने विचारलं, “दार नवीन करायचं का?”

दर्शनी मागे सरकला, डोळे बारीक केले, दुकानातली काच बघावी तशी भिंत बघितली. “दार कशाला? फळी मारून टाक सपाट. वरून कागद. तात्पुरतं.”

सुताराचं काय जातंय! त्याने फळी मारली. कागद लागला, आणि भिंत अशी एकसंध झाली, की इथे कधी दार होतं असं घर बांधणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. तात्पुरतं या शब्दाइतका टिकाऊ माल बाजारात दुसरा नाही.

संध्याकाळी बायको ड्यूटीवरून आली आणि पर्स खांद्याला तशीच ठेवून भिंतीपुढे उभी राहिली. “आईंची खोली कुठे गेली?”

“आहे की. अंगणातून वळसा घालून जाता येतं.”

“त्यांना चार पावलं टाकता येत नाहीत, आणि वळसा?”

“अगं, तात्पुरतं आहे. पैसे आले की कापून काढू. ती एवढ्यात कुठे येतेय?”

ती आत जाऊन नळाखालची बादली ओतायला लागली. जे तोंडावर आलं ते बोलली असती तर शेजारी जमले असते. रविवारी लोकांना घर बघायला बोलवायचं त्याने ठरवून टाकलं होतं, आणि फोनवर फोन चालले होते. दुकानातला गल्ल्यावरचा, मेव्हणा, जुने घरमालक मुद्दाम. “या, या, घर तयार झालं!” त्याच भरात त्याने धाकट्याकडेही फोन लावला आणि आईशी बोलला, “आई, तुझं घर तयार झालं बरं का!” तिसऱ्या मजल्यावरून ती काय येतेय, अशी त्याची खात्री होती. तोंडाला पानं पुसायला फोन बरा असतो, समोरचं तोंड दिसत नाही.

रविवारी पुढची खोली भरली. छताचे दिवे भर दुपारी लावलेले. गल्ल्यावरचा कागदावरून हात फिरवत म्हणाला, “दर्शनी, मानलं तुला!” मेव्हणा, ज्याने जन्मात कुणाचं कौतुक केलं नाही, तोही “छान जमलंय” म्हणाला. बायको चहाचे कप आणत होती, नेत होती, आणि कुणाच्याही डोळ्यांत बघत नव्हती. दर्शनी सोफ्याच्या हातावर बसून फरशीची कथा सांगत होता, तेवढ्यात दारात टॅक्सी थांबली.

धाकटा उतरला. मग त्याचा शेजारी. दोघांनी मिळून आईला उतरवलं आणि खुर्चीत बसवून उचलून आत आणलं. तीन जिने तिला त्यांनी असंच आणलं होतं, दोघेही घामाने निथळत होते. आईने नवं पातळ नेसलं होतं. मागून धाकट्याची बायको आली, तिच्या हातात आईची बॅग, औषधांची पिशवी, आणि उशी.

“मुक्कामाला आले हो,” आई सगळ्यांना म्हणाली. इतकी हसत होती, की खोलीतली माणसं आपोआप हसली. एकटा दर्शनी हसला नाही.

“आई, आधी चहा घे ना.”

“चहा कुठे पळतोय? आधी माझी खोली दाखव. अंगण दाखव.”

धाकटा इकडे तिकडे बघत होता. घर घेतलं तेव्हा तो येऊन गेला होता, त्याला दार मधोमध आठवत होतं. “दादा, दार कुठे आहे?”

गल्ल्यावरच्याने भिंतीवरचा हात काढून घेतला. दर्शनी म्हणाला, तात्पुरतं आहे. म्हणाला, बँकेने घोळ केला, गवंडी फिरकला नाही. म्हणाला, “पंधरा दिवस दे आई, फक्त पंधरा दिवस.” बोलताना तो मध्येच एकदा सोफ्याची उशी सरळ करून गेला. धाकट्याची बायको दाराशीच उभी होती. तिने बॅग खाली ठेवलीच नव्हती.

आईने खुर्ची भिंतीजवळ न्यायला सांगितली. हात लांब करून कागद चाचपला, एका पानावरून दुसऱ्या पानावर, हळूहळू. फळीचा सांधा तिच्या बोटांना लागला नाही.

“छान केलंस रे,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि दर्शनीला तो असता तर बरा वाटला असता. “इथे कुणासाठी खोली होती, हे कळणारसुद्धा नाही कुणाला.”

मग धाकट्याकडे वळून म्हणाली, “चल बाबा, उचल.”

“आई, जेवून तरी जा,” थोरली सून पुढे होऊन म्हणाली. आईने तिचा हात दाबला, “तुझं काही नाही गं,” एवढंच म्हणाली. पाहुण्यांना चपला सापडायला वेळ लागला नाही. बघता बघता पुढची खोली रिकामी झाली.

दर्शनी टॅक्सीमागून गेला. निदान वर नेताना खांदा द्यावा म्हणून. धाकट्याने त्याला खुर्चीला हात लावू दिला नाही. टॅक्सीत राहिलेली उशी उचलून दर्शनी तीन जिने मागे मागे चढला. आई एकाही वळणावर मागे वळली नाही. वर गेल्यावर धाकट्याच्या बायकोने त्याच्या हातातून उशी घेतली आणि दार लोटलं.

घरी येऊन त्याने कपडेही बदलले नाहीत. हत्यारांच्या पेटीतून हातोडी काढली आणि भिंतीपुढे उभा राहिला. रडत होता. खरंच रडत होता, ते नाकारून चालणार नाही. नाक पुसलं, खाली बसला, आणि कोपऱ्यातून नखाने कागदाची कड सोडवायला लागला. अलगद, एकेक बोट, कुठे फाटू नये म्हणून.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. ती पुढे आली आणि तिने त्याच्या हातातून हातोडी काढून घेतली.

“सरका,” ती म्हणाली.