चौथ्या बोअरचं पाणी

टाचणीनं पहिला मार खाल्ला तो सहाव्या वर्षी, आणि तोही धाकट्या भावाच्या वाटणीचा. बाप पट्टा घेऊन उठला की ती भावाला पलंगाखाली ढकलायची आणि स्वतः पुढं उभी राहायची. आपण कुणाला हाणतोय याचं बापाला सोयरसुतक नसायचं. कुणाला तरी हाणलं की त्याचं जेवण जिरायचं. बाप मेला. भाऊ मोठा होऊन कचरा डेपोवर डोझर चालवायला लागला आणि ती पाणी तपासणीच्या ऑफिसात कारकून झाली. अंगानं काटकुळी, जिभेनं टोचणारी, म्हणून ऑफिसनं नाव ठेवलं टाचणी.

तिच्या टेबलाला अकरा डेपो होते. प्रत्येक डेपोभोवती तपासणीच्या बोअर मारलेल्या. कचऱ्याचा काळा रस मुरत मुरत खालच्या वस्तीच्या विहिरींपर्यंत पोचतोय का, ते या बोअरच्या पाण्यावरून कळायचं. गंमत अशी की हे पाणी डेपोवाल्यांनीच काढायचं, त्यांनीच तपासायचं आणि दर तीन महिन्यांनी अहवाल टाचणीकडं धाडायचा.

"म्हणजे चोरालाच सांगायचं, बाबा रे, तुझी झडती तूच घे आणि काय सापडलं ते कळव," ती म्हणायची.

पण तिची एक रीत होती. नवा अहवाल जुन्यावर ठेवून ती खिडकीच्या काचेला लावायची. उजेड आरपार आला आणि आकड्यावर आकडा बरोबर बसला, की समजायचं, ह्यांनी बोअरचं तोंडसुद्धा बघितलेलं नाही. असे सात डेपो तिनं पकडले होते. साहेब वैतागून म्हणायचे, "बाई, तुम्हाला काचा पुसायलाच ठेवायला हवं होतं."

त्या तिमाहीला टेकडीवरच्या डेपोचा अहवाल आला. भाऊ कामाला होता तोच डेपो. काचेला लावला तर सगळे आकडे बदललेले. कुणीतरी मन लावून खोटं लिहिलं होतं. एकच आकडा बदलायचा राहिला होता: चौथ्या बोअरमधली पाण्याची पातळी. मागच्या वेळी अकरा मीटर चाळीस, आताही अकरा मीटर चाळीस. भर उन्हाळा गेला आणि पाणी बोटभरही हललं नव्हतं.

नोटीस काढायला एवढं पुरे होतं. पण टाचणीला याहून जास्त माहीत होतं. दोन महिन्यांमागं भाऊ जेवता जेवता बोलून गेला होता, "ताई, डोझर मागं घेताना चौथ्या बोअरचा पाईप चिरडला गं. पार पायताणासारखा चपटा. मुकादम म्हणाला, माती लोट वर आणि तोंड बंद ठेव." म्हणजे बोअर मेलेली, आणि बाटल्या भरत होत्या डेपोच्या कँटीनमधल्या नळाला.

त्याच सकाळी खालच्या वस्तीतली एक बाई तिच्या टेबलावर बाटली आदळून गेली होती. आत चहासारखं पाणी. "हे पिऊन दाखवा," एवढंच म्हणाली. ती बाटली समोर असताना टाचणीनं नोटीस लिहिली, आणि रागाच्या भरात एक वाक्य जास्त लिहिलं: 'पाईप चिरडून गाडलेला असताना नमुना कोठून घेतला?' जावक नंबर पडला, कागद गेला. जिना उतरताना तिला कळलं, आपण काय लिहून बसलो. पाईप चिरडल्याचं डेपोवर दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातला एक मुकादम.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातून फोन आला.

डोझरच्या लोखंडी पट्ट्यावर भावाचे हात आडवे धरून मुकादमानं आणि त्याच्या दोन माणसांनी पहारीनं हाणले होते. आधी उजवा, मग डावा. शेवटी बरगड्यांत लाथा. टाचणी वॉर्डात शिरली तशी भावजय उठली आणि सगळ्या खाटांसमोर तिच्या थोबाडीत दिली.

"या वन्सं! लहानपणी ह्यांच्या वाटचा मार खाल्लात म्हणून सांगता ना? घेतलात बघा परत करून, व्याजासकट!"

टाचणीनं गाल चोळला नाही. भाऊ सुजल्या ओठांनी पुटपुटला, "ताई, काचेचं लिहायचं होतंस ना. नुसतं काचेचं."

ते तिला थपडेपेक्षा जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी मुकादम ऑफिसात आला. साहेबांना एकदम मीटिंग आठवली आणि ते केबिनचं दार लावून बसले. मुकादम टेबलाच्या कडेवर टेकला, एक कागद पुढं सरकवला. चौथी बोअर सुस्थितीत आहे, नोटीस नजरचुकीनं गेली, वगैरे.

"करा सही, ताई. भावाचे पाय अजून शाबूत आहेत."

"ताई म्हणू नकोस. तसं म्हणणाऱ्याचे हात तू मोडलेस."

"शिक्का काढा." आवाज चढला नव्हता.

तिनं खणात डावा हात घातला आणि मुकादमानं गुडघ्यानं खण दाणकन बंद केला. दोन बोटं कडकन वाजली. समोरच्या टेबलावरची टायपिस्ट किंचाळली. मुकादम गुडघा दाबूनच राहिला आणि एका हातानं कागद सरळ धरला, सहीसाठी. टाचणीनं उजव्या हातानं पेन उचललं नाही. फायली शिवायचा दाभण उचलला आणि कागदासकट त्याच्या पंजात घुसवला, लाकूड लागेस्तोवर.

तो बैलासारखा ओरडला. गुडघा सुटला. कागदावर रक्त पसरत गेलं.

"पायांचं नाव काढलंस तर पुढचा डोळ्यात," ती दात खाऊन म्हणाली. "नोटीस तिथंच राहील. पाईपसुद्धा मी वर काढणार."

बोटांना पट्टी बांधून ती तशीच वॉर्डात गेली. खोदाईचा हुकूम वरून मिळत होता, पण एका अटीवर: पाईप कुठं पुरलाय त्याचा सहीचा जबाब हवा. भावानं तोंड फिरवलं.

"सोड आता. पाय तरी राहू देत मला."

तिनं पिशवीतून दोन अहवाल काढले, एकावर एक ठेवून वॉर्डाच्या खिडकीला लावले आणि धड हातानं दाबून धरले. अकरा चाळीसवर अकरा चाळीस. भावानं मान वळवून आकडे वाचले.

"माझे हात मोडले," तो म्हणाला, "आणि ह्या भडव्यांना एक आकडा बदलायचा कंटाळा?"

मग त्यानं सांगितलं: कँटीनमागच्या चिंचोळ्या वाटेवर, विजेच्या खांबापासून सात पावलं, कमरेएवढ्या मातीखाली. तिनं लिहून घेतलं, वाचून दाखवलं.

"सही कुठनं करू? नाकानं?"

दोन्ही हात बोटांच्या टोकांपर्यंत प्लॅस्टरमध्ये होते. टाचणीनं शिक्क्याची शाई काढली आणि चादर वर सारली. त्या थपडेनंतर भावजय तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती उठली, नवऱ्याचा डावा पाय मांडीवर घेतला आणि पदरानं अंगठा खसाखसा पुसला.

"गुदगुल्या होतात गं," तो हसला, आणि बरगड्या धरता येईनात म्हणून कळवळला.

"हलू नका," भावजय म्हणाली. "वन्सं, टेकवा कागद. नीट टेकवा."

टाचणीनं कागद टेकवला. शाई वाळेपर्यंत भावजयीनं पाय सोडला नाही.